क्लचच्या पेडलला एक बोट मोकळं ठेवा

गेल्या जूनमध्ये आमच्या मारुती ८०० चा रिव्हर्स गिअर दळण दळल्यासारखा वाजायला लागला. शाळा सुटल्यावर गाडी फाटकातून मागे काढायची म्हटलं की खर्रर्र! व्हरांड्यात उभी असलेली सातवी ब दात काढायला मोकळी. मी भूगोल शिकवते, चिपळूणला. गाडी २००५ ची, एमएच-०८ पासिंगची, आणि पासिंग दोनदा वाढवून घेतलेलं आहे. माहेर पाटणला असल्यामुळे महिन्यातून एकदा तरी कुंभार्ली घाट चढते-उतरते. घाटात क्लचचं जे काही बरंवाईट असेल ते लगेच कळतं.

त्या खर्रर्रचा इलाज मी पार्किंगमध्ये पाऊण तासात केला. एक पाना, एक पक्कड, शाळेतली लाकडी फूटपट्टी आणि क्लच दाबायला भाची, एवढ्यावर भागलं. काम सोपं आहे, क्लचच्या केबलचा नट फिरवून पेडलचं माप जुळवायचं. पण नट उलट्या बाजूला फिरवला तर पाऊण तासाच्या कामातून क्लच प्लेट बदलण्याचा खर्च निघतो, म्हणून आधी थोडं बोलते आणि मग पान्याला हात लावू.

पहिलं म्हणजे तुमच्या गाडीला केबल आहे का ते बघा. ८००, ओम्नी, जुनी अल्टो यांना आहे. ८०० तर १९८३ पासून २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे अशा गाड्या आमच्याकडे गल्लोगल्ली अजून आहेत. नव्या पुष्कळ गाड्यांत मात्र क्लच हायड्रॉलिक असतो, म्हणजे तारेच्या जागी पाइप आणि त्यात ब्रेक ऑइल. तिथे हा नट सापडणारच नाही, शोधत बसू नका. त्यांचं पेडल मऊ पडलं तर हवा शिरलीय किंवा ऑइल गळतंय, ते काम वेगळं. काही गाड्यांची केबल आपली आपणच ताण धरते, तिलाही छेडायचं नाही. गाडीबरोबर आलेलं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात असेल तर ते उघडा, त्यात तुमच्या मॉडेलचं माप छापलेलं असतं. आमचं पुस्तक २०२१ च्या पुरात लगदा झालं.

आता आत काय चालतं ते. सायकलच्या ब्रेकची केबल पाहिलीय ना, तसलीच ही, जरा जाडजूड. बाहेरचं कव्हर जागेवर अडकवलेलं आणि आतली तार सरकणारी. पेडल दाबलं की तार ओढली जाते. तारेचं दुसरं टोक गिअरबॉक्सवरच्या एका लोखंडी आर्मला अडकवलेलं असतं. तो आर्म फिरला की आतलं रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या जिभांवर दाबलं जातं, इंजिन नि चाकं जोडणाऱ्या क्लच प्लेटवरची पकड सुटते, आणि दोन्ही एकमेकांपासून मोकळी होतात. पाय काढला की सगळं मागे.

यात एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवायची. पाय पेडलवर नसताना ते बेअरिंग जिभांना टेकलेलं नको, मध्ये किंचित फट हवी. ही फट पेडलपाशी आपल्याला पहिल्या मोकळ्या हालचालीच्या रूपात जाणवते. मिस्त्री लोक तिला 'प्ले' म्हणतात. पेडल बोटांनी दाबलं तर सुरुवातीला ते अलगद जातं, मग एकदम जड लागतं. जड लागेपर्यंतचं अंतर म्हणजे प्ले. माझ्या गाडीला मी तो पंधरा ते पंचवीस मिलिमीटरमध्ये ठेवते. बोटाच्या भाषेत सांगायचं तर एक बोट, फार तर दीड. खाली गिअरबॉक्सच्या आर्मपाशी तोच प्ले दोन ते चार मिलिमीटर भरतो. हे सगळं काम त्या बोटभर जागेसाठी आहे.

ही जागा दोन कारणांनी बदलते आणि ती दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत. लोकांची चूक नेमकी इथे होते. केबल वापरून वापरून ताणली गेली, तिचं कव्हर दबलं किंवा नट मागे सरकला, तर प्ले वाढतो. पेडल पार तळाला टेकलं तरी प्लेट पुरती सुटत नाही. मग गिअर अडकतात, पहिला टाकताना दोनदा ढकलावं लागतं आणि रिव्हर्स खरखरतो. रिव्हर्सच आधी ओरडतो, कारण पुढच्या गिअरना जुळवून घ्यायला सिंक्रो असतात, रिव्हर्सला ती सोय नसते. दुसऱ्या बाजूला, क्लच प्लेट झिजते तेव्हा स्प्रिंगच्या त्या जिभा बेअरिंगच्या दिशेने सरकत येतात आणि मधली फट खातात. म्हणजे प्लेटच्या झिजेने प्ले कमी होतो. तो शून्यावर आला की पाय काढला तरी क्लच थोडा दाबलेलाच राहतो. गाडी स्लिप मारते, इंजिन ओरडतं पण वेग येत नाही, आणि चढावर करपल्याचा वास येतो.

माझ्याकडे हा दुसरा प्रकार होऊन गेलाय. पुरानंतर आठ-नऊ महिन्यांनी हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये क्लचचं काम करून घेतलं. गाडी हातात आली तेव्हा पेडलवर पाय जरा टेकवला की क्लच सुटत होता. मला काय आनंद! पाय फार खाली न्यावा लागत नाही, गुडघ्याला आराम. मी त्या माणसाचं कौतुक करून आले. मे महिन्यात पाटणला जाताना पोफळीच्या पुढे चढ लागला आणि गाडीत काहीतरी जळाल्याचा वास भरला. आधी वाटलं, पुढचा ट्रक असेल. ट्रक गेला, वास राहिला. कोयनानगरपर्यंत गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत गेली. शेवटी आमच्या आळीतल्या मिस्त्रीमामांनी गिअरबॉक्स उतरवला. त्यांची मुलगी माझ्या हाताखालून गेली, त्यामुळे ते मला बाईच म्हणतात. करपून काळीनिळी झालेली प्लेट त्यांनी माझ्या हातात ठेवली.

"प्ले कुठाय, बाई?"

मी म्हटलं, "वरच लागत होतं की पेडल, छान वाटायचं."

"छान वाटणारच. तुमचा पाय नव्हता तेव्हापण क्लच दाबलेलाच होता."

त्या दिवशी मामांनी मला आर्म कुठे, नट कुठे आणि मोजायचं कसं हे सगळं गाडीपाशी उभं करून शिकवलं. पुढे लिहिलंय ते मुख्यतः त्यांचं, थोडं माझं चुकून शिकलेलं.

मोजण्यापासून सुरुवात. इंजिन बंद. ड्रायव्हरच्या बाजूला दार उघडं ठेवून खाली उकिडवं बसा. पायाने मोजू नका, पायाला एवढं बारीक कळत नाही. फूटपट्टी पेडलच्या बाजूला धरा, पेडल मोकळं असताना रबराची वरची कड कुठे येते ते वाचा. मग दोन बोटांनी पेडल हळू दाबा. आधी अगदी हलकं जातं, नंतर बोटांना स्पष्ट कळतं की आता जोर लागेल. तिथे थांबून परत वाचा. दोन आकड्यांतला फरक हाच प्ले. तीनदा मोजा, कारण पहिल्यांदा हमखास जास्त दाबलं जातं. माझा जूनमधला आकडा ४० मिलिमीटर होता, म्हणजे हवा त्याच्या दुप्पट. रिव्हर्स का ओरडतो ते कळलं.

मग खात्री करून घ्या. सपाट जागी, हँडब्रेक ओढून, इंजिन सुरू करा आणि न्यूट्रलमध्ये राहू द्या. क्लच पूर्ण दाबा, मनात चारपर्यंत मोजा, मग रिव्हर्स टाका. हळूच पडला तर प्लेट सुटतेय. चार मोजूनही खरखरला तर सुटत नाहीये. स्लिप बघायची तर मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये तीस-चाळीसच्या वेगाने जाताना अॅक्सिलरेटर एकदम दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि वेगाचा काटा जागच्या जागी राहिला तर प्लेट घसरतेय.

आणि हो, पाना काढायच्या आधी पायाखालचं मॅट बघा. हसू नका. आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी पावसाळ्यासाठी जाड रबरी मॅट घेतलं, त्याची कड नेमकी क्लचच्या मागे दुमडली. पेडल तळापर्यंत जाईचना, गिअर अडकायला लागले, त्या केबल बदलायला निघाल्या होत्या. मॅट ओढून काढलं आणि प्रश्न संपला. त्याच वेळी टॉर्च मारून पेडलच्या वरच्या टोकाला केबलचा हूक नीट बसलाय का, पेडल बाजूला डुगडुगत तर नाही ना, तेही बघून घ्या. पेडल ज्या पिनेवर हलतं तिच्याभोवतीचं बुश झिजलं असेल तर तोही प्लेच्या आकड्यात मिसळतो आणि तुम्ही विनाकारण केबल आवळत बसता.

आता काम. गाडी थंड हवी. शाळेतून आल्या आल्या बॉनेट उघडू नका, हात भाजतो. चहा प्या, तासाभराने या. बांगड्या काढा, ओढणी आत ठेवा, किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाका. हँडब्रेक ओढा आणि चाकांना पुढून-मागून दगड लावा. गाडी गिअरमध्ये टाकून ठेवली म्हणजे झालं असं वाटतं, पण या कामात कोणीतरी क्लच दाबणार आहे, आणि क्लच दाबला की गिअरची पकड सुटते. उतारावर हे लक्षात न आल्यामुळे आमच्या सोसायटीत एका गाडीने तुळशीवृंदावनाला नमस्कार घातलाय. दगड विसरू नका, आणि गिअर न्यूट्रलला ठेवा.

आर्म शोधायला भाचीला आत बसवलं आणि म्हटलं, "दाब... सोड... दाब." ८०० मध्ये गिअरबॉक्स पॅसेंजरच्या बाजूला आहे. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि आपण बसतो त्यांच्यामधल्या पत्र्यातून, निघालेली काळी केबल बोटाने धरून तिच्या मागे जात राहा. जिथे संपते तिथे अंगठ्याएवढा लोखंडी आर्म पेडलबरोबर हलताना दिसेल. तार त्या आर्ममधल्या एका गोल पिनेतून आरपार जाते. तारेच्या टोकाला आटे पाडलेला छोटा दांडा असतो आणि पिनेच्या पलीकडे त्यावर नट चढवलेला असतो. तोच आपला नट. काही केबलना त्याच्या मागे दुसरा, पहिला हलू नये म्हणून लावलेला लॉकनट असतो. असेल तर तो आधी ढिला करायचा. माझ्या गाडीला १० चा पाना बसतो. तुमची केबल कोणत्या कंपनीची बसवलीय त्यावर बदलू शकेल, म्हणून जवळ दोन-तीन माप ठेवा. पाना नटावर घट्ट बसला पाहिजे. सैल पान्याने नटाचे कोपरे गेले की पुढची पाच वर्षं तुम्ही पक्कड घेऊन भांडाल.

आमच्याकडे कोकणात आटे म्हणजे गंजाचा गोळा. सरळ पाना लावायचा नाही. वायर ब्रशने आटे घासा, गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा मारा आणि वीस मिनिटं तिकडे बघू नका. मग नटाच्या एका कोपऱ्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्या, म्हणजे किती फेरे फिरवला ते मोजता येतं. नटाच्या बाहेर किती आटे दिसतात तेही मोजून लिहून ठेवा. हे आकडे पुढे फार कामाला येतात, शेवटी सांगते का ते.

फिरवताना डाव्या हातात पक्कड, उजव्या हातात पाना. पकडीने आट्यांचा दांडा टोकाला धरून ठेवायचा, कारण नुसता नट फिरवला तर त्याच्याबरोबर आतली तारही पिळली जाते. पीळ बसलेल्या तारेचे दोरे एकेक करून तुटतात आणि आपल्याला कळतही नाही. पकडीने धरताना आट्यांवरच दात रोवू नका. टोकाचा सपाट भाग धरा, तो नसेल तर मध्ये जाड कापडाची घडी घ्या. पहिल्यांदा मी हे केलं नव्हतं. मामांनी माझ्या हातावर चापटच मारली, विद्यार्थ्याला मारतात तशी.

दिशा अशी. नटाकडे तोंड करून बघा. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवला की नट आत चढतो, केबल आखूड होते, प्ले कमी होतो. उलटा फिरवला की प्ले वाढतो. रिव्हर्स खरखरत असेल तर आवळायचा, गाडी स्लिप मारत असेल तर सोडायचा. स्लिप मारणारी गाडी 'ढिली' वाटते म्हणून पुष्कळ जण तीही आवळतात आणि उरलीसुरली प्लेट जाळतात.

किती फिरवायचा? माझ्या गाडीत नटाचा एक पूर्ण फेरा म्हणजे आर्मपाशी साधारण एक मिलिमीटर आणि तोच पेडलपाशी सहा-सात मिलिमीटर. मला चाळीसवरून वीसवर यायचं होतं, म्हणजे अंदाजे तीन फेरे. पण तीन एकदम फिरवले नाहीत. एक फेरा, मग आर्म दोन बोटांत धरून मागे-पुढे हलवून बघायचा. केबलला ओढ नसताना तो किती मोकळा डुलतो ते हाताला कळतं. सुरुवातीला तो चांगला खडखडत होता. दुसऱ्या फेऱ्यानंतर खडखड कमी झाली. तिसरा पुरा झाल्यावर आर्म तीनएक मिलिमीटर हलत होता आणि मग गच्च. सुईच्या पेटीतली टेप लावून बघितली, पण खरं सांगायचं तर सवय झाली की बोटं पुरतात. आर्म अजिबात हलेना झाला तर तुम्ही पुढे गेलात, निमूटपणे अर्धा फेरा परत या.

मग भाचीला पेडल दहा वेळा पुरं दाबायला लावलं. याला कंटाळू नका. नट पिनेत, पिन आर्ममध्ये आणि कव्हर ब्रॅकेटमध्ये नीट बसल्याशिवाय खरा आकडा येत नाही. दहा वेळा दाबून परत फूटपट्टी लावली तर २३ मिलिमीटर. आणखी अर्धा फेरा, परत दहा वेळा, आकडा २०. तिथे थांबले. लॉकनट असेल तर मुख्य नट पान्याने जागेवर धरून मगच तो कसा, नाहीतर कसताना मुख्य नट फिरतो आणि सगळी मेहनत पाण्यात. कसून झाल्यावर पुन्हा एकदा मोजायचं. शेवटी आट्यांवर ग्रीसचा हलका हात फिरवला, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात नट ओळख दाखवील. कव्हरच्या आत मात्र मी तेल सोडत नाही. काही केबलना आत प्लॅस्टिकचं अस्तर असतं आणि तेलाने त्यात धूळ चिकटते.

दगड काढायच्या आधी इंजिन सुरू करून रिव्हर्सची तीच परीक्षा घेतली. चार मोजले, गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. भाची म्हणाली, "मावशी, आवाजच नाही आला." मग एक चक्कर मारली. गाडी कुठे उचलते ते बघायचं. पेडल सोडताना ती अगदी तळाशीच उचलत असेल तर प्ले अजून जास्त आहे. पाय जवळजवळ निघाल्यावर उचलत असेल तर कमी आहे, किंवा प्लेट म्हातारी झालीय. साधारण मधल्या टप्प्यात उचलली की ठीक. एक-दोन दिवस पेडल परकं वाटतं. आळीच्या तोंडाशी माझी गाडी दोनदा बंद पडली, कारण पायाला जुन्या जागेची सवय. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की परत एकदा मोजा, केबल थोडी बसते.

नट आवळताना नजर तारेवरही ठेवा. आर्मजवळ जिथे तार कव्हरमधून बाहेर येते, तिथे एखादा दोरा तुटून केसासारखा वर आलेला दिसला, तर ती केबल ताणायची नसते, बदलायची असते. हे मी पाठ्यपुस्तकातून शिकलेले नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आमची गाडी दारापर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर इंजिन, सीट, वायरिंग सगळं करून घेतलं. केबलकडे कोणी बघितलंच नाही. कव्हरच्या आत चिखलाचं पाणी राहिलं आणि तार आतून गंजत गेली. पेडल हळूहळू जड व्हायला लागलं होतं. मला वाटलं, आपलंच वय. डिसेंबरात पाटणहून येताना कुंभार्ली उतरत होते, दुसऱ्या गिअरमध्ये. वळणावर क्लच दाबला आणि फट्‌कन पेडल जमिनीला टेकलं ते वर आलंच नाही. पायाखाली काहीच नाही, जिना संपल्यावर आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा तसं.

केबल तुटली म्हणजे क्लच कायमचा जोडलेला राहतो, सुटत नाही. त्यामुळे गाडी पळून जात नाही, ब्रेक चालतात, इंजिनही गाडीला धरून ठेवतं. फक्त थांबलात की इंजिन धक्का मारून बंद पडणार. मी दुसऱ्यातच राहिले, पार्किंगचे चारही दिवे लावले आणि पोफळीपर्यंत न थांबता उतरले. तिथे एक म्हैस आडवी आली आणि थांबावंच लागलं. परत सुरू करायला, इंजिन बंद असताना गिअर पहिल्यात टाकायचा, हँडब्रेक सोडायचा, पाय ब्रेकवरून काढायचा आणि किल्ली फिरवायची. स्टार्टरच गाडीला ढकलतो, दोन गचके बसतात आणि इंजिन पकडतं. पुढे कोणी उभं नाही ना ते दहादा बघा, कारण किल्ली फिरवल्याक्षणी गाडी पुढे उडी मारते. चढावर स्टार्टरला हे पेलत नाही. गावातल्या गर्दीत तर असला प्रयोग करूच नये, बाजूला लावून टो करून घ्यावी. मी अलोऱ्याच्या पुढे एका पेट्रोल पंपावर गाडी लावली आणि तिथून भावाला फोन केला.

आता ते आट्यांचे आकडे. नट आवळत आवळत आटे संपत आले आणि तरी प्ले जास्तच राहतोय, तर केबल ताणून संपलीय, नवी घाला. नट सोडत सोडत टोकाला आला आणि तरी प्ले मिळत नाही, तर प्लेट संपलीय, मग गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही. नट कोणत्या दिशेने प्रवास करतोय ते वहीत दिसलं की कुठलं गॅरेज तुम्हाला काय सांगतंय ते पारखता येतं. "मॅडम, पूर्ण क्लचसेट लागेल" असं कोणी म्हणालं आणि तुमच्या वहीत मात्र नट दर वेळी आवळलाच गेलेला असेल, तर आधी केबलबद्दल विचारा. नवी केबल घेताना जुनी बरोबर न्या, दुकानातच शेजारी ठेवून लांबी आणि टोकं जुळवा. बसवताना तिला कुठे कोनात मोडू देऊ नका आणि सायलेन्सरच्या पाइपाजवळून नेऊ नका.

मामांनी सांगितलेली एक गोष्ट राहिली. गाडी चालवताना डावा पाय पेडलवर विसावू नका. तुम्ही पाऊण तास बसून बोटभर प्ले काढता आणि नुसत्या चपलेच्या वजनाने तो खाल्ला जातो. मला ती सवय होतीच. अजून पूर्ण गेलेली नाही, मुंबई-गोवा हायवेवर रस्ता खराब आला की पाय आपोआप तिथे जातो.

माझी वही गाडीतच असते, जिथे पूर्वी पुस्तक होतं तिथे. शेवटची नोंद परवाची: प्ले २२, बाहेर आटे सात, रिव्हर्स गप्प, डावीकडचा वायपर बदलणे.